चिचिबू : तांब्याच्या नावाचा शक

बाबा तीन आठवडे माझ्याकडे तोक्योला राहून गेले. त्यात क्योतो झालं, हिरोशिमा झालं, फुजी लांबून पाच मिनिटं दिसला आणि ढगात गेला. त्या सगळ्याचे फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर कधीच पोचलेत. मला लिहायचंय ते २०२४ च्या नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी तोक्योजवळच्या चिचिबूच्या डोंगरात पाहिलेल्या एका चराबद्दल. साधा चर. माणूस उतरला तर दिसेनासा होईल एवढा खोल, आत पाचोळा साठलेला, कडेला नेचे उगवलेले. इथून निघालेल्या तांब्यावरून १,३०० वर्षांपूर्वी जपानच्या गेम्मेई या सम्राज्ञीनं देशाच्या कालगणनेचं नाव बदललं, असं सांगतात.

माझे वडील तांबट आहेत. पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत त्यांनी पन्नास वर्षं पत्रा ठोकला. बंब, घंगाळं, हंडे, पुढे गिऱ्हाईक बदललं तसे हॉटेलांसाठी मठारलेले पेले. त्या ठोकाठोकीनं दोन्ही कान गेले, उजव्या कानाला आता यंत्र आहे. त्यांना एखादं देऊळ दाखवलं तर ते आधी कळसाकडे बघतात आणि पत्रा किती गेजचा असेल ते सांगतात. नाराला बुद्धाच्या प्रचंड मूर्तीसमोर मी हात जोडून उभी, आणि हे मूर्तीच्या अंगावरचे ओतकामाचे थर मोजतायत. म्हणून शेवटच्या आठवड्यात ठरवलं, की यांना तांबं जिथून आलं तिथंच घेऊन जायचं.

आता थोडं या कालगणनेबद्दल, कारण इथे राहायला आल्यापासून मला तिचा त्रास झालेला आहे. मी १९८६ सालची. अकरा वर्षांपूर्वी इथल्या एका कार्यालयात अर्ज भरताना जन्मसाल १९८६ लिहिलं, तर खिडकीतल्या बाईंनी त्यावर दोन आडव्या रेघा मारल्या, वर ‘शोवा ६१’ लिहिलं आणि माझाच शिक्का मागून त्या खाडाखोडीवर उमटवला. मला फार राग आला होता. माझं जन्मसाल मला न विचारता कुणीतरी दुसऱ्याच्या राजाच्या खात्यात टाकल्यासारखं वाटलं. त्या रागातच मी ‘गेंगो’ म्हणजे या शकांच्या नावांबद्दल वाचायला लागले आणि वाचता वाचता राग कुठे गेला ते कळलं नाही.

आज एका सम्राटाचं एकच नाव चालतं. हा नियम मेइजी सम्राटापासूनचा, १८६८ चा. त्याआधी शुभशकुन झाला, आपत्ती आली, की नाव बदलत असत. ७०१ मध्ये त्सुशिमा बेटावरून सोनं आलं म्हणून ‘ताइहो’, थोर खजिना. ते सोनं बनावट असल्याचं पुढे उघडकीला आलं, पण तोवर शक सुरू झाला होता. ७०४ मध्ये आकाशात मंगल ढग दिसला म्हणून ‘केइउन’. ७१५ मध्ये एक विलक्षण कासव दरबारात आणलं म्हणून ‘रेइकी’. ढग आणि कासव यांच्या मधली, ७०८ ते ७१५ ही वर्षं ‘वादो’ नावाची. वादो म्हणजे तांबं. ढग विरतो, कासव मरतं. तांबं मात्र मडक्यात घालून पुरलं तरी हजार वर्षांनी हिरवं होऊन परत मिळतं. या आठ वर्षांवर माझा जीव जडला त्याचं हेही एक कारण असावं. दुसरं कारण अर्थातच घरात बसलेलं.

तोक्योतल्या इकेबुकुरोहून चिचिबूला जाणारी एक झकास एक्स्प्रेस आहे, मोठ्या काचांची. मी मुद्दाम साधी गाडी घेतली. हान्नोला गाडी बदलायची, तिथून पुढे समोरासमोर बसायची बाकं असलेली छोटी गाडी डोंगरात शिरते. साध्या गाडीचा आग्रह यासाठी, की ती ‘कोमा’ स्टेशनावर थांबते. कोमा म्हणजे कोरियातलं कोगुर्यो राज्य. ते राज्य बुडाल्यावर तिथली माणसं जपानभर पांगली होती. ७१६ मध्ये, वादो शक संपल्याच्या दुसऱ्याच वर्षी, सात प्रांतांतल्या अशा १,७९९ लोकांना एकत्र करून इथे वसवलं आणि त्या भागाला त्यांच्याच देशाचं नाव दिलं. स्टेशनाबाहेर कोरियन पद्धतीचे दोन उंच रक्षक खांब आहेत, चेहरे कोरलेले. ७०८ मध्ये तांबं दरबारात आलं त्या दिवशी ज्यांना पदं बहाल झाली त्यांत किन जोगान नावाचा एक माणूस होता, तोही अशाच परक्या मुळाचा. चिचिबूकडचे लोक त्याला तांबं शोधणाऱ्यांपैकी एक मानतात. मी हे सगळं बाबांच्या डाव्या कानात ओरडून सांगितलं, डब्यातल्या दोन-तीन माणसांनी वळून पाहिलं. बाबा म्हणाले, “कारागीर बाहेरूनच येतो गं. आपले तरी कुठले पुण्याचे? पेशव्यांनी बोलावलं म्हणून कोकणातून आले.”

सेइबू-चिचिबूला उतरून ओहानाबाताके या दुसऱ्या स्टेशनापर्यंत चालायचं, तिथून चिचिबू रेल्वेनं तिसरं स्टेशन वादो-कुरोया. पूर्वी नुसतं कुरोया होतं. वादो शकाला १,३०० वर्षं झाली तेव्हा, २००८ मध्ये, पुढे वादो लागलं. लाकडी, जुनं, छोटंसं स्टेशन. फलाटावरच चौकोनी भोकाचं एक मोठं थोरलं नाणं उभं केलंय. वादो काइचिन. ७०८ सालीच पाडलेलं नाणं, आधी चांदीचं आणि तीनेक महिन्यांनी तांब्याचं. खरं नाणं जेमतेम २४ मिलिमीटरचं. चीनच्या तांग राजवटीतल्या नाण्याचा नमुना समोर ठेवून केलेलं. कित्येक वर्षं हेच जपानचं पहिलं नाणं म्हणून पाठ्यपुस्तकात होतं. १९९० च्या दशकाच्या शेवटी असुका इथल्या उत्खननात त्याहून जुनं, सातव्या शतकातलं फुहोन-सेन नावाचं नाणं सापडलं आणि ‘पहिलं’ या शब्दावर प्रश्नचिन्ह लागलं. कुरोयातल्या पाट्यांना त्याची फिकीर नाही. त्यांचं मला वावगं वाटलं नाही. देशभर हातोहात फिरायला लागलेलं नाणं म्हणाल तर हेच.

स्टेशनापासून पाच मिनिटांवर हिजिरी देऊळ. आणि इथे माझा विरस झाला.

वर्षअखेरच्या मोठ्या लॉटरीची तिकिटं आदल्याच दिवशी विक्रीला आली होती. कामाचा वार असूनही पायऱ्यांपासून रांग. या देवाला लोक ‘झेनिगामी-सामा’ म्हणतात, पैशाचा देव. आवारात नाण्याचं चित्र असलेल्या लाकडी पट्ट्या टांगलेल्या आणि प्रत्येकीवर मागणं, इतके लाख, इतके कोटी. ज्यांना लागली त्यांनी आभाराच्या चिठ्ठ्या लिहिल्यात, त्याही लावल्यात. माझ्या पुढचं जोडपं तिकिटांचा गठ्ठा पाकिटासकट दोन्ही हातांत धरून डोळे मिटून उभं होतं. लोकांच्या मागण्याला मी नावं ठेवत नाही, पैशाची गरज कुणाला नसते. मला सलत होतं ते वेगळं. देवळापासून खाणीची जागा चालत पंधरा मिनिटांवर आहे, पाटी आहे, नकाशा आहे, आणि रांगेतली माणसं नमस्कार करून सरळ गाडीतळाकडे वळत होती. आम्ही तासभर तिथे होतो, तेवढ्यात वर जाणारी माणसं मी बोटांवर मोजली. तीन. आम्ही धरून पाच.

बाबांना मात्र देऊळ आवडलं, ते गोमींमुळे. इथल्या खजिन्यात तांब्याच्या दोन गोमी आहेत, नर आणि मादी. परंपरा सांगते, की त्या सम्राज्ञी गेम्मेईनं दिल्या. तांब्याच्या पूजेला दरबारातले शंभर अधिकारी यायला हवे होते, ते इतक्या लांब कसे येणार, म्हणून शंभर पायांची गोम पाठवली. जपानीत गोमीला लिहितातच मुळी ‘शंभर पाय’ असं. शिवाय पैशाला बोलीभाषेत ‘ओ-आशी’ म्हणतात, म्हणजे पाय, कारण तो चालता होतो. जितके पाय तितका पैसा. मी हे सांगून होईपर्यंत बाबा हसायला लागले होते. “गोमेचा एक पाय मोडला म्हणून ती लंगडी होत नाही,” ते म्हणाले. ही म्हण मी लहानपणी शंभरदा ऐकलीय, उधारी बुडवणाऱ्या एका श्रीमंत गिऱ्हाइकावरून आजी म्हणायची. गोम आणि पैसा यांची सांगड आपल्याकडेही घातलेली आहे हे माझ्या या वयात, परक्या देशातल्या देवळात लक्षात आलं.

देवळामागून पुढे गावातला रस्ता, मग शेतं, मग ‘सुगी’ म्हणजे जपानी देवदाराच्या झाडांची सावली आणि चढ. बाबांचे गुडघे दुखतात. मी दोनदा विचारलं, परत फिरायचं का. दुसऱ्यांदा विचारल्यावर त्यांनी उत्तरच दिलं नाही. पायऱ्या ओल्या होत्या, कठडा एकाच बाजूला. ज्येष्ठांना घेऊन जाणार असाल तर काठी न्या. मी नेली नव्हती, आणि सबंध उतरताना ते माझ्या खांद्यावर भार टाकून उतरले, तेव्हा त्यांचा हात किती हलका झालाय ते मला पहिल्यांदा कळलं.

वर ओढ्याकाठी नाण्याच्या आकाराचं सुमारे ५ मीटर उंचीचं स्मारक आहे. ते ठीक. फोटो काढायला बरं. बाबांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि विचारलं, “तांबं कुठंय?” ते त्याच्या पलीकडे, डोंगराच्या अंगावर. तोच तो चर. उघड्यावर खणत गेल्याची खूण.

तिथे एक आजोबा खराट्यानं पायऱ्यांवरची पानं लोटत होते. ऐंशीच्या आसपासचे असतील, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. चिचिबूतल्या सिमेंटच्या कारखान्यात नोकरी झाली, आता आठवड्यातून दोनदा इथे येऊन झाडतात, कुणी सांगितलेलं नाही. समोर बुको डोंगर दिसतो, चुनखडीसाठी पायऱ्यापायऱ्यांनी कापत आणलेला. त्यांनी तिकडे बोट दाखवून सांगितलं, “आयुष्यभर तो डोंगर खाल्ला. आता या डोंगराची सेवा.” मी त्यांना सांगितलं, की माझे वडील तांब्याची भांडी घडवायचे. ते खराटा झाडाला टेकवून बाबांपुढे कमरेत वाकले. बाबांनी घाईघाईनं नमस्कार केला. मग आजोबांनी कमरेच्या पिशवीतून रुमालात बांधलेलं काहीतरी काढलं.

अक्रोडाएवढा तांब्याचा गोळा. गोळा तरी कसा म्हणायचा, एका बाजूनं गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूनं झाडाच्या फांद्या फुटाव्यात तशा पातळ पापुद्र्यांचा. आजोबांनी आधीच सांगून टाकलं, की हा इथला नव्हे, अमेरिकेतल्या मिशिगनचा आहे, दगडांच्या प्रदर्शनात विकत घेतला. शाळेची मुलं येतात त्यांना दाखवायला. इथून निघालेलं तांबं असंच होतं, जमिनीतूनच तांबं म्हणून बाहेर आलेलं, हे मुलांना नुसतं सांगून पटत नाही.

बाबांनी तो हातात घेतला. आधी वजन पाहिलं, तळहातावर दोनदा उडवून. मग नाकाशी नेला. मग चष्मा कपाळावर सरकवला, पापुद्र्यावर अंगठा ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “विचार त्यांना, वाकवू का?” आजोबांना विचारलं, ते म्हणाले, दोझो, दोझो, म्हणजे खुशाल करा. बाबांनी अंगठा दाबला. पापुद्रा वाकला. परत उलटा दाबला. सरळ झाला.

“हे भट्टीत गेलेलंच नाही,” बाबा म्हणाले.

आणि मग ते बोलत सुटले. बाबा फार बोलणारे नाहीत, यंत्र लागल्यापासून तर नाहीच. पण तिथे त्यांनी मला सांगितलं, की बाजारातून आणलेला पत्रा ठोकला की ताठर होतो, वाजायला लागतो, मग तो लाल होईस्तोवर तापवायचा आणि पाण्यात बुडवायचा की पुन्हा मऊ. हंडा होईपर्यंत हेच कितीदा. पत्र्याला मऊ ठेवण्यातच अर्धं आयुष्य जातं. आणि हे बघ, हे मऊच जन्मलं. मी जमेल तसं जपानीत सांगत गेले. आजोबा ‘मऊ’ या शब्दाशी थांबले. खाली वाकले आणि काटकीनं मातीत एक अक्षर काढलं : वा. वादोमधलं वा. लोक त्याचा अर्थ ‘जपान’ असा घेतात, ‘जपानी तांबं’. पण जुनं वाचन ‘निगि-आकागाने’ असं आहे, ते म्हणाले. निगि म्हणजे मऊ, शांत. आकागाने म्हणजे लाल धातू. वितळवण्याआधीच मऊ असलेलं तांबं. आज चालू असलेल्या ‘रेइवा’ शकातलं ‘वा’ हेच.

इतकी वर्षं अर्जांवर मी ते अक्षर गिरवतेय. बाबांच्या अंगठ्याखाली पापुद्रा वाकल्यावर मला त्याचा अर्थ कळला.

बाबा प्रवासाला निघताना देव्हाऱ्यातली शिवराई पाकिटात घेऊन निघतात. ती त्यांनी काढून आजोबांच्या हातावर ठेवली. एका बाजूला श्री राजा शिव, दुसऱ्या बाजूला छत्रपति, अक्षरं झिजलेली, कडा वेडीवाकडी. खुद्द महाराजांच्या टांकसाळीतली असेल असं नाही, हे नाणं पुढे पेशवाईतही पाडत होते. आजोबांनी ती उन्हात धरली आणि लगेच ओळखलं, की ही ओतलेली नाही. बरोबर. वादो काइचिन साच्यात ओतत, झाडाच्या फांदीला पानं लागावीत तशी नाणी निघत आणि मग एकेक तोडून कानशीनं घासत. शिवराई म्हणजे तांब्याचा तुकडा ठशावर ठेवून वरून घण. मी सांगितलं, की या राजानं १६७४ मध्ये राज्याभिषेक केला, स्वतःचा शक सुरू केला आणि स्वतःचं तांब्याचं नाणं पाडलं. आजोबांनी विचारलं, त्या शकाचं आता कितवं वर्ष? मी मनात वजाबाकी करत होते. बाबांनी प्रश्न समजून घेतला आणि बोटांनी दाखवलं : तीन, पाच, एक. आजोबांनी मातीत लिहिलं, रेइवा ६. मग थोडा वेळ पुटपुटून त्याखाली दुसरा आकडा. वादो अजून चालू असता तर १,३१७.

मी खिशातलं दहा येनचं नाणं काढून पाहिलं. त्यावर ‘शोवा ५५’ होतं. इथल्या नाण्यांवर साल अजूनही शकातच पाडतात.

उतरताना बाबांनी विचारलं, “मग त्या बाईनं या तांब्याचं केलं काय?”

ती बाई म्हणजे गेम्मेई. तिची गोष्ट मला नेहमी हलवते. ७०७ मध्ये तिचा मुलगा, सम्राट मोम्मू, पंचविशीत वारला. नातू सहा-सात वर्षांचा. तेव्हा चाळिशी ओलांडलेली ही आई स्वतः गादीवर बसली, नातवासाठी गादी राखायला. सहा महिन्यांत चिचिबूचं तांबं दरबारात पोचलं आणि तिनं त्याला स्वर्गाचा कौल मानलं. नवा शक, कैद्यांना माफी, म्हाताऱ्यांना धान्य, चिचिबूकरांना त्या वर्षीचे कर माफ. ७१० मध्ये नवी राजधानी हेइजो-क्यो, म्हणजे आजचं नारा. ७१२ मध्ये ‘कोजिकी’ तिच्यापुढे सादर झाली, जपानच्या देवांच्या आणि राजांच्या गोष्टी लिहून ठेवणारा ग्रंथ. ७१३ मध्ये हुकूम, की प्रत्येक प्रांतानं आपली गावं, माती, पिकं, खनिजं, दंतकथा लिहून पाठवाव्यात. ७१५ मध्ये थकल्याचं सांगून तिनं गादी सोडली आणि मुलीच्या हाती दिली. आईकडून मुलीकडे गादी गेल्याचं जपानच्या इतिहासात हे एकच उदाहरण. कोजिकी लिहून काढणारा ओ नो यासुमारो १९७९ मध्ये अचानक सापडला, नाराच्या डोंगरात चहाचा मळा खणताना. त्याच्या अस्थींबरोबर एक पट्टी होती, ४१ अक्षरांची, नाव, पत्ता, पद आणि मृत्यूची तारीख लिहिलेली. ती पट्टी तांब्याची. बाबा म्हणाले, “ताम्रपट.” तेच. त्याच काळात आपल्याकडे बदामीचे चालुक्य तांब्यावर दानपत्रं कोरून देत होते.

पण बाबांचा प्रश्न तांब्याचं काय केलं असा होता, आणि त्याचं उत्तर इतकं गोड नाही. आठवडाभर आधी आम्ही नाराला त्या राजधानीच्या मोकळ्या मैदानात उभे होतो. मधूनच लोकल गाडी जाते, नव्यानं बांधलेला सुझाकू दरवाजा आणि लांबवर दरबाराची इमारत, बाकी गवत. बाबा तिथे कंटाळले होते. मला तेव्हा सांगायचं सुचलं नाही, ते चिचिबूच्या पायऱ्यांवर सुचलं. ती राजधानी बांधायला प्रांतोप्रांतीहून माणसं वेठीला आणली होती आणि त्यांना हे नाणं देत. ७११ च्या हुकमात भाव ठरलाय : एका नाण्याला सहा ‘शो’ (तिकडचं धान्याचं माप) धान्य. त्याच वर्षीच्या नोंदीत आहे, की मजूर दमून पळून जातात. ७१२ च्या जानेवारीतला हुकूम सांगतो, की घरी परतणाऱ्या मजुरांचं अन्न वाटेत संपतं, कित्येक जण उपासमारीनं कोसळतात, खड्ड्याखळग्यांत पडून राहतात. मग दरबारानं म्हटलं, धान्याचं ओझं नको, कमरेला नाणी बांधा, आणि सधन लोकांनी रस्त्याकडेला तांदूळ विकायला ठेवावा. ‘शोकु निहोंगी’ या सरकारी इतिहासात हे सगळं कोरड्या वाक्यांत लिहिलेलं आहे. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा कमरेला नाणी असलेला आणि तांदूळ न मिळालेला माणूस माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. लोक नाणं घेईनात, म्हणून ७११ मध्ये नाणी साठवणाऱ्याला पदं द्यायची लालूच दाखवली. आणि खोटी नाणी ओतणाऱ्याचं मुंडकं उडवायची शिक्षाही त्याच वर्षीची.

शेवटच्या वाक्याशी बाबा पायरीवर थांबले. “ओतणाऱ्याचं?” त्यांनी विचारलं. “राजाची ओतणारा आणि चोरून ओतणारा, हात एकच असणार. दुसरं कुणाला येतंय?” मग पुढची चाळीसेक पावलं ते काही बोलले नाहीत.

खाली देवळाशी रांग तशीच होती. बाबांनी एक लाकडी पट्टी विकत घेतली. मला वाटलं, गुडघ्यांसाठी काही मागतील. त्यांनी मराठीत लिहिलं, सावकाश, मोठ्या अक्षरांत : ‘तांबट आळी, पुणे. येऊन गेलो. कार्तिक वद्य षष्ठी, शके १९४६.’ बाजूच्या पट्टीवर कुणीतरी ७०० दशलक्ष येन मागितले होते.

जेवायचं म्हणाल तर चिचिबूत ‘मिसो पोटॅटो’ मिळतो, बटाटा तळून त्यावर मिसोची, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची, गोडसर चटणी ओतलेली. स्टेशनाजवळच्या टपरीवर बाबांनी दोन काड्या संपवल्या आणि बटाटेवडा यापेक्षा बरा असं सांगितलं. माझं मत वेगळं आहे. मला तो गरम गरम बटाटा त्या थंडीत फार आवडला. गावात डिसेंबरच्या ३ तारखेला होणाऱ्या रात्रीच्या जत्रेची तयारी चालली होती, रस्त्याकडेला कंदील लागत होते. थांबलो नाही.

परतीच्या गाडीत अंधार पडला. कोमा स्टेशन आलं तेव्हा बाबांनी विचारलं, “त्या झाडणाऱ्या गृहस्थांचं नाव काय?” मी विचारलंच नव्हतं. त्यांनीही आमचं विचारलं नव्हतं. बाबांनी कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं, म्हणजे आता बोलायचं नाही. काचेला डोकं टेकून ते बसले होते आणि मधूनमधून उजव्या हाताचा अंगठा नाकाशी नेत होते. तांब्याचा वास बोटांवरून लवकर जात नाही. लहानपणी ते संध्याकाळी घरी आले, की मला उचलून घ्यायचे तेव्हा त्यांच्या हाताला तोच वास यायचा, चिंचेनं हात घासून आले तरी.

हान्नोला गाडी बदलायची होती. मी त्यांना उठवलं नाही, डबा रिकामा होईपर्यंत बसू दिलं.